रणपिसे काकूंची मोजणी

विश्रांतवाडीला आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आम्रपाली रणपिसे राहतात. मी त्यांच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर. मी मूळची वाशीमची. सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीसाठी पुण्यात आले त्याला आता अठरा वर्षं झाली. या घरात राहायला आले त्याच आठवड्यात माझ्या मोरीतलं पाणी खाली त्यांच्या छताला झिरपू लागलं आणि त्या वर आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. त्यांनी पिशवीतून टेप काढला, भिंतीपासून दोन बाजूंनी मोजलं, फरशीवर पेन्सिलीने फुली मारली आणि म्हणाल्या, "पूर्णिमा ना तुझं नाव? इथे फोडायला सांग. दुसरीकडे कुठे हात लावू देऊ नकोस." प्लंबरने फुलीवर फोडलं. गळती तिथेच होती. तेव्हापासून मी त्यांना काकू म्हणते.

काकूंनी चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात काढली. जमिनींची मोजणी करायची, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, नकाशा करायचा. हवेली, खेड आणि मुळशीतले बांध त्यांनी पायाखाली घातलेले. दोन्हीकडची भावकी बांधावर हातात काठ्या घेऊन उभी आणि मध्ये या, डोक्याला पदर गुंडाळून. "बाई मोजायला आली म्हणून आधी हसायचे," त्या सांगतात. "टेप ताणला की हसू बंद. टेपला बाई-पुरुष कळत नाही."

त्यांचे यजमान संजय रणपिसे पीएमपीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं या शहराच्या गर्दीतून त्यांनी बस काढली. बोलका माणूस. जिन्यात भेटले की दिवसाचा वृत्तांत देणार. नोकरीच्या शेवटच्या दीड वर्षात त्यांच्या हातात विजेवर चालणारी बस आली, तेव्हा तर त्यांना बोलायला दुसरा विषयच उरला नव्हता. "पूर्णिमा, तुला सांगतो, जुन्या बसचं इंजिन आमच्या शेजारीच असायचं. उन्हाळ्यात मांडी भाजायची. आता काय, मागच्या बाकावर कोण कुणाला काय सांगतंय तेसुद्धा ऐकू येतं!"

निवृत्त होऊन सात महिने झाले होते. एका सकाळी ते चहाचा कप उचलायला गेले आणि हात उचललाच गेला नाही. अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बरोबर वाचाही. तीन महिन्यांनी दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्याकडे चार शब्द शिल्लक होते. हां, नको, थांब, हळू. बाकी सगळं आत होतं. ते डोळ्यांत दिसायचं, पण ओठांवर येत नव्हतं.

काकूंची नोकरी पाचच महिने उरली होती. त्यांनी साठलेल्या रजा टाकल्या आणि त्या घरी बसल्या. मुलगा अभिनव कॅनडात. तो आला, महिनाभर राहिला, रडून परत गेला. काकू म्हणाल्या, "तू तिकडचं बघ. इकडे माणसं आहेत."

माणसं म्हणजे मुख्यतः रिक्षावाले पोपटराव. ते मूळ लोहगावचे, गावाच्या आजूबाजूला शहर उभं राहिलं ते बघत मोठे झालेले, आणि त्यांची रिक्षा आमच्या चौकातल्या थांब्यावर असायची. आठवड्यातून तीनदा काकांना येरवड्याच्या पलीकडे व्यायामासाठी न्यावं लागायचं. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. पहिल्या दिवशी काकू काकांना लिफ्टने खाली आणून व्हीलचेअरवरून रिक्षात बसवू लागल्या, तेव्हा पोपटरावांनी त्यांना बाजूला केलं आणि काकांच्या काखेत हात घालून म्हणाले, "डायवरसाहेब, आता आमच्या गाडीत बसा. तुमी लय लोकं नेली." त्या दिवसापासून साडेतीन वर्षं त्यांनी काकांना असंच उचललं. पावसाळ्यात रिक्षाच्या बाजूला लावायला प्लॅस्टिकचा पडदा शिवून घेतला. खड्डा आला की रिक्षा जवळजवळ थांबवून, एकेक चाक उतरवून पुढे न्यायचे. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. पोपटराव मागे वळून एवढंच म्हणायचे, "घाई हाय तर वरनं जा."

तरीही रिक्षात काकांना त्रास व्हायचाच. हादरा बसला की अधू पाय ताठ व्हायचा. दुसरी एक गोष्ट होती, ती काकूंनी मला पुष्कळ उशिरा सांगितली. वाचेच्या व्यायामामुळे काकांना हळूहळू नवे शब्द येऊ लागले होते, पण आवाज अगदी बारीक. घरात ऐकू यायचा. रिक्षात बसलं की इंजिनाच्या आवाजात विरून जायचा. बाहेर पडल्यावरच त्यांना काही सांगावंसं वाटायचं, रस्ता बघून, बस बघून. ते काहीतरी म्हणायचे, काकू कान जवळ न्यायच्या, तोवर पुढचा खड्डा. मग ते गप्प होऊन बाहेर बघत राहायचे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पोपटराव एकटेच वर आले. चप्पल दारात काढून, हात बांधून उभे राहिले.

"बाई, हार्नियाचं आप्रेशन सांगितलंय. डाक्टर म्हनला, यापुढं वजन उचलायचं न्हाई. म्या दुसऱ्या कुनाला सांगून ठिवतो. पन माझ्यागत उचलंल का, सांगता यायचं न्हाई."

काकूंनी त्यांना आत बसवलं, चहा दिला. म्हणाल्या, "पोपटराव, साडेतीन वर्षं तुम्ही यांना जसं उचललंत, तसं माझ्या भावानेसुद्धा उचललं नसतं. आता तुम्ही स्वतःला सांभाळा. मी बघते काय करायचं ते."

ते गेल्यावर त्या वर माझ्याकडे आल्या. "पूर्णिमा, तुझ्याकडे गाडी आहे. मला रविवारी शोरूममध्ये नेशील का? विजेवरची गाडी घ्यायची आहे."

"चालवणार कोण, काकू?"

"मी."

काकू तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. आयुष्यभर स्कूटर चालवली, चारचाकीच्या स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता.

आमच्या ऑफिसात गाडी घ्यायची म्हटलं की आधी पाच जण पाच व्हिडिओ पाठवतात. मी ते सगळे काकूंना दाखवले. शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत, पडदा किती इंचांचा, छत काचेचं आहे का. काकूंनी शांतपणे सगळे पाहिले आणि विचारलं, "यात बसायची सीट जमिनीपासून किती उंच आहे, ते कोणीच कसं सांगत नाही?"

त्यांनी वहीत स्वतःचे रकाने आखले. काकांच्या व्हीलचेअरची बैठक उशीसकट बावन्न सेंटिमीटर. गाडीची सीट तिच्या जवळपास हवी. फार वर असली तर उचलावं लागतं, फार खाली असली तर परत काढताना जीव जातो. दार किती उघडतं. दाराच्या खालची पट्टी, जिला काकू उंबरा म्हणायच्या, ती किती रुंद. डाव्या दाराने बसताना काकांचा अधू उजवा पाय आधी आत घ्यावा लागतो आणि तो त्या उंबऱ्यावरून हाताने उचलून न्यावा लागतो. सीटच्या कडा फुगीर आहेत की सपाट. छताला धरायला मूठ आहे का. डिकीचा काठ जमिनीपासून किती, आणि व्हीलचेअर घडी करून आत जाते का. शेवटच्या रकान्याचं नाव होतं: 'यांचा आवाज'.

किमतीचा विषय त्यांनी एका वाक्यात संपवला. आवाक्यातल्याच बघायच्या, उगाच वरच्या बघून मन खट्टू करायचं नाही.

पुढच्या सात रविवारी, काकांना दोघींनी मिळून माझ्या गाडीत बसवून, आम्ही सहा गाड्या पाहिल्या. कंपन्यांची नावं देत नाही. त्यातली एकही गाडी वाईट नव्हती, आणि मॉडेलं इतकी भराभर बदलतात की तुम्ही हे वाचाल तेव्हा नव्या आलेल्या असतील. पहिली होती उंच, रुबाबदार. सेल्समन तरुण, नम्र, पण बोलायचा माझ्याशी. काकूंकडे बघायचाच नाही.

"मॅडम, ग्राउंड क्लिअरन्स बघा, रोड प्रेझेन्स बघा."

काकूंनी टेप लावला. "एकाहत्तर."

"काय एकाहत्तर?"

"सीट. व्हीलचेअर बावन्न. मधले एकोणीस सेंटिमीटर यांना कोण उचलणार, तुमचा रोड प्रेझेन्स?"

तो गडबडला. "मग काकांना मागे बसवा ना. मागे स्पेस भरपूर आहे."

काकू शांतपणे म्हणाल्या, "तीस वर्षं ते पुढे बसलेत. लोक त्यांच्या मागे बसायचे."

काका हसले. डाव्या बाजूने हसतात ते, पण हसू पूर्ण असतं.

दुसरी गाडी अगदी छोटी, गोंडस. सीटची उंची बरोबर होती, पण व्हीलचेअर डिकीत जाईना. तिसरीत सीट जमिनीपासून योग्य, पण खालची बॅटरी पायाखालच्या भागाला वर ढकलते, त्यामुळे काकांचे गुडघे पोटाशी आले. ही गोष्ट एकाही व्हिडिओत नव्हती. चौथीत सगळं काही पडद्यावर. गार हवा कमी करायची तरी बोटाने तीन पानं उलटायची. काकूंनी मला विचारलं, "गाडी चालवताना पडद्याकडे बघायचं, की रस्त्याकडे, की यांच्याकडे?"

चाचणीच्या फेरीत चालवायचे सेल्समन, पुढे डाव्या हाताला काका, मागे मी आणि काकू. फेरीला निघण्याआधी काकू गाणी बंद करायला लावायच्या, पंखा कमी करायला लावायच्या. मग टिंगरेनगरकडचा खडबडीत रस्ता आला की पुढे वाकून विचारायच्या, "अहो, कशी आहे?" काका जे म्हणतील ते मागच्या सीटवर ऐकू आलं की वहीत टिकमार्क. सेल्समन मंडळींना वाटायचं, बाई आजारी नवऱ्याची समजूत काढताहेत. मोजणी चालू आहे हे त्यांना कळायचं नाही.

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की यातल्या काही गाड्या स्वतःहून ब्रेक लागल्यासारख्या मंदावतात. त्याने वीज परत मिळते म्हणे. एका गाडीत तो झटका जोराचा होता. काकांनी डॅशबोर्डवर हात टेकला आणि लगेच म्हणाले, "हळू." सेल्समनने पडद्यावर काहीतरी दाबलं, झटका निम्म्यावर आला. काका म्हणाले, "हां." सेल्समन म्हणाला, "सर, तुम्हाला बरोबर कळलं." काकूंच्या डोळ्यांत मी त्या दिवशी जे पाहिलं, ते शब्दांत सांगता येणार नाही. किती दिवसांनी कोणीतरी काकांना गाडीतलं कळतं असं म्हटलं होतं.

सहाव्या रविवारी आम्ही वारज्याला गेलो. तिथल्या शोरूममध्ये श्रद्धा नावाची मुलगी होती, पंचविशीतली. काकूंनी टेप काढल्यावर ती हसली नाही की गडबडली नाही. म्हणाली, "एक मिनिट. मी आधी बसून बघू?" आणि काकांना ऑफिसातल्या खुर्चीत बसवून ती स्वतः त्यांच्या व्हीलचेअरमध्ये बसली. उजवा हात पाठीमागे धरला, उजवा पाय ढिला सोडला आणि एका हाताने गाडीत सरकायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिचं डोकं दाराच्या कडेला आपटलं. शोरूममधले बाकीचे बघतच राहिले.

ती उठली, डोकं चोळलं, आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, ही गाडी तुमच्यासाठी नाही. उंबरा रुंद आहे आणि सीटच्या कडा फार वर आहेत. रोज तीनदा-चारदा बसवायचं म्हणजे तुमची पाठ जाईल."

"मग?"

"दुसऱ्या कंपनीची एक आहे. दिसायला साधी, डब्यासारखी उभट. रेंजही फार नाही, म्हणून व्हिडिओवाले तिला विचारत नाहीत. माझ्या आजीला आम्ही तिच्यातून नेतो. दार जवळजवळ काटकोनात उघडतं. ती बघा."

काकूंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "अगं, तुझी विक्री गेली."

"गेली," ती म्हणाली. "पण तुम्ही इतकं मोजताय. मी खोटं बोलले असते तर तुमच्या वहीत आलंच असतं."

पुढच्या रविवारी ती डबा-गाडी पाहिली. सीट छप्पन्न. उंबरा अरुंद. कडा सपाट. छताला मूठ. व्हीलचेअर मावायला मागची अर्धी सीट पाडावी लागते, पण मावते. तिथला विक्रेता प्रामाणिक, त्यानेच सांगितलं, "मॅडम, कंपनी एका चार्जमध्ये तीनशे किलोमीटरच्या वर सांगते, पण तुम्ही दोनशे धरून चाला."

"एका वेळी बावीस जायचंय," काकू म्हणाल्या. "काश्मीरला कोण निघालंय?"

फेरीत खडबडीत रस्ता आला. काकू पुढे वाकल्या. "अहो, कशी आहे?"

काका रस्त्याकडे बघत होते. बाहेर समोरून एक निळी-पांढरी विजेवरची बस येत होती, आवाज न करता. ती जवळून गेली तशी त्यांनी मान वळवून ती पार दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "माझी... बस."

'बस' हा शब्द त्यांनी झटक्यानंतर पहिल्यांदा उच्चारला होता आणि तो मागच्या सीटवर आम्हा दोघींना स्वच्छ ऐकू आला. काकूंनी वही उघडलीच नाही. मिटूनच ठेवली.

गाडी ठरली, पण लावायची कुठे आणि चार्ज कशी करायची? काकूंची पार्किंगची जागा मागच्या भिंतीला, विजेच्या मीटरपासून सर्वांत लांब. आमचे चेअरमन सर्जेराव, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, नियमाला पक्के. सभेत एकाने आग लागण्याची भीती घातली, दुसऱ्याने इतकी लांब केबल अंगणातून नेली तर मुलं अडखळतील म्हणाला. सर्जेराव उठले. "अर्ज द्या. बघू," एवढं म्हणून त्यांनी सभा संपवली. काकूंचा चेहरा उतरला.

तिसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. 'चेअरमन यांनी मीटरखोलीलगतची स्वतःची पार्किंगची जागा श्रीमती रणपिसे यांच्या जागेशी अदलाबदल केली आहे. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून होईल. हा विषय संपला आहे. कोणीही चेअरमन यांचे आभार मानण्यास घरी येऊ नये. दुपारी झोप असते.'

काकू तरीही गेल्या, पण दुपारी नाही, संध्याकाळी. सर्जेरावांनी दार अर्धंच उघडलं. "बोर्ड वाचला नाहीत वाटतं?"

"वाचला. त्यात दुपारचं लिहिलंय."

सर्जेरावांनी दार पूर्ण उघडलं.

वारज्यालाही त्या पेढे घेऊन गेल्या. मी म्हटलं, फोनवर सांगा की, एवढ्या लांब कशाला? काकू म्हणाल्या, "आभार समोर जाऊन मानायचे असतात. समोरच्याला आपलं तोंड दिसलं पाहिजे." श्रद्धा शोरूमच्या दारात त्यांना बिलगली. तिचा साहेब आतून बघत होता. काकू सरळ त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमची गाडी मी घेतली नाही. पण मला कोणी विचारलं, की खरं कुठे सांगतात, तर मी तुमच्या शोरूमचं नाव सांगणार. ते या मुलीमुळे." त्याने पेढा घेतला.

मग ड्रायव्हिंग. काकूंनी आधी क्लास लावला, तिथे गियरची गाडी. क्लच सोडताना गाडी उडी मारायची आणि काकू घरी येऊन म्हणायच्या, "आज मी बैल चालवून आले." लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या वेळी रिव्हर्स घेताना खांबाला लागल्या आणि नापास झाल्या. घरी येऊन काकांना सांगितलं, "अहो, मी नापास." काकांनी डाव्या हाताने दोन बोटं दाखवली. मला अर्थ कळेना. काकू हसत म्हणाल्या, "हेसुद्धा सुरुवातीला बसच्या परीक्षेत नापास झाले होते. दोनदा!" महिन्याभराने त्या पास झाल्या आणि त्याच आठवड्यात गाडी घरी आली.

गाडीला गियर नव्हता, आवाज नव्हता. पहिले काही दिवस काकूंना चालू झाली की नाही हेच कळायचं नाही. पहाटे सहाला, रस्ता मोकळा असताना, दोघं निघायची. पुढे डावीकडे काका, उजवीकडे काकू. सुरुवातीला मी मागे बसायचे. तीस वर्षं शहर पायाखाली घातलेला माणूस चार शब्दांत शिकवत होता. वळणाच्या किती आधी "हळू", सिग्नल पिवळा झाला की "थांब", मागून दुचाकी आत घुसते आहे तर "नको", आणि रस्ता मोकळा असला की "हां". एकही शब्द वाया नाही. क्लासमधला मास्तर चुकीनंतर ओरडायचा. काका चुकीच्या आधी बोलायचे.

एकदा फुलेनगरच्या उतारावर काकूंच्या समोर अचानक हातगाडी आली. काका म्हणाले, "थांब." आवाज इतका हळू, की जुन्या रिक्षात तो शेजारच्यालाही ऐकू आला नसता. काकूंनी ब्रेक दाबला. हातगाडीवाला, केळीचा ढीग, सगळं जागच्या जागी. काकूंनी गाडी कडेला घेतली. मग काकांचा अधू हात उचलून स्वतःच्या गालाला लावला. मी मागे बसून खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "काकू, आता मी येत नाही. तुम्हाला माझी गरज नाही."

पोपटरावांचं ऑपरेशन मार्चअखेरीस झालं. टाके काढायला काकूंनीच त्यांना नेलं. पोपटराव मागच्या सीटवर पोटावर उशी धरून बसलेले. प्रत्येक गतिरोधकावर काकू त्यांच्यासारखंच एकेक चाक उतरवत होत्या. मागून हॉर्न वाजला. पोपटरावांनी काच खाली केली, पण काकू म्हणाल्या, "राहू द्या. टाके दुखतील." ते घरी उतरताना म्हणाले, "बाई, तुमी माझ्यापरीस बरी गाडी हाकता." काकू म्हणाल्या, "तुमच्याच मागे बसून शिकले. साडेतीन वर्षं."

आता काकूंची वही फिरते आहे. श्रद्धाने एका ग्राहकाला त्यांचा नंबर दिला. त्याची आई गुडघ्याच्या ऑपरेशनमधून उठलेली. मग धायरीचे एक गृहस्थ, ज्यांच्या मुलीला लहानपणापासून चालता येत नाही. मग कोणी, मग कोणी. काकू रविवारी टेप घेऊन जातात, आणि त्यांना कोणती गाडी घ्यायची हे कधीच सांगत नाहीत. विचारतात, "बसणार कोण? त्यांना काय होतं? आधी ते मोजू." धायरीच्या मुलीसाठी आमची डबा-गाडी नव्हे, तर पहिल्या रविवारची ती उंच गाडी योग्य निघाली, कारण वडील धट्टेकट्टे, उचलू शकतात, आणि मुलीला उंचावरून बाहेरचं दिसायला आवडतं. काकू येऊन म्हणाल्या, "मी त्या गाडीवर अन्याय केला होता गं. गाडी वाईट नव्हती, ती आमची नव्हती."

मे महिन्यात काकूंच्या जुन्या सहकारी हिराबाई यांच्या मुलीचं जुन्नरला लग्न होतं. काकूंनी गाडीनेच जायचं ठरवलं. मी सोबत होते. शहराबाहेर गाडी काढायची काकूंची ही पहिलीच वेळ. आदल्या दिवशी कुठे चार्जिंग मिळतं ते त्यांनी नकाशावर पाहून ठेवलं होतं, दोन ठिकाणं. एक बंद असलं तर दुसरं. जाताना काहीच लागलं नाही. लग्नात काकांना पुढच्या रांगेत बसवलं, पुष्कळ जुनी मंडळी भेटली, प्रत्येकाने हात हातात घेतला.

परतताना नारायणगावला एका हॉटेलच्या आवारात गाडी चार्जिंगला लावली. पाऊण तास थांबायचं होतं. काकूंनी व्हीलचेअर काढली, उलगडली, ब्रेक लावला, काकांचा पाय उंबऱ्यावरून बाहेर घेतला आणि एका दमात त्यांना खुर्चीत सरकवलं. हे सगळं एकटीने, बोलता बोलता. शेजारी टोमॅटोच्या क्रेट भरलेला टेम्पो उभा होता. त्याचा ड्रायव्हर, साठीच्या आसपासचा, हे बघत होता. चहाचा कप घेऊन तो जवळ आला आणि काकांनाच विचारलं, "काय पाव्हणं, कशी हाय ईलेक्ट्रिकची गाडी? मुलगा घ्या म्हणतोय आमचा."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

काकांनी शब्द शोधला. टेम्पोवाला घाई न करता थांबला, जसा एक ड्रायव्हर दुसऱ्यासाठी थांबतो. आवारात भजी तळल्याचा वास होता, हमरस्त्यावर ट्रक जात होते. अर्ध्या मिनिटाने काका म्हणाले, "बरी आहे." थोडं थांबून डावा हात काकूंकडे केला. "ही... चालवते."

टेम्पोवाल्याने काकूंकडे पाहिलं, मान डोलावली आणि आणखी तीन चहा सांगितले. मग त्याचे प्रश्न सुरू झाले: एका चार्जमध्ये किती जाते, घाटात दम लागतो का, पावसात काय. काकूंनी व्हीलचेअरच्या शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, "मुलगा रोज कुठून कुठे जातो?" तो सांगू लागला. काका ऐकत होते, आणि काकूंचं उत्तर त्यांना पटलं की मध्येच म्हणत होते, "हां."